अडीच वर्षांची मुलगी 'केलं' सोडून 'करलं' म्हणू लागली, तर तिची भाषा बिघडतेय का?

तुम्ही विचारलंय की दोन वर्षांची असताना मुलगी 'केलं', 'आला', 'मेला' अगदी बरोबर म्हणायची, आणि आता 'मी करलं', 'बाबा येला', 'मुंगळा मरला' म्हणते. हे सुधारावं का, आणि मुळात कुणी न शिकवता मुलं व्याकरण शिकतात तरी कशी?

काही बिघडलेलं नाही. मी भाषाविज्ञान शिकवते आणि मुलांच्या बोलण्यातला हा टप्पा मला सगळ्यात जास्त आवडतो. आधी ती 'केलं' म्हणत होती ते नुसतं कानावर पडलेलं, जसंच्या तसं उचललेलं होतं. 'कर' आणि 'केलं' यांचा काही संबंध आहे हे तिला तेव्हा कळलेलंही नसेल. मधल्या काळात तिने बसला, पडला, हसली, पकडलं असे कितीतरी शब्द ऐकले आणि त्यातून नियम काढला: घडून गेलेली गोष्ट सांगायची तर धातूला 'ला-ली-लं' लावायचं. आता तो नियम ती सगळीकडे लावून बघतेय. 'करलं' तिच्यासमोर घरात कुणीच म्हटलेलं नाही. म्हणजे ही नक्कल नव्हे, हा तिने स्वतः बांधलेला शब्द आहे. 'केलं', 'गेला', 'आला' हे अपवाद आहेत, आणि ते पुरेसे वेळा कानावर पडले की आपोआप जागेवर बसतात. आधी बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर, असा हा प्रवास जगातल्या अनेक भाषांतल्या मुलांमध्ये दिसलेला आहे. 'घोड्याला'च्या जागी 'घोडाला', 'पावसात'च्या जागी 'पाऊसात' हेही त्याच जातीचं. सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी नामात होणाऱ्या बदलाची, भानगड अजून पचायची असते.

मुलं खरोखर नियम काढतात, हे 1958 साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने फार सुंदर रीतीने दाखवलं. तिने मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला 'वग' असं बनावट नाव दिलं आणि विचारलं, आता असे दोन आहेत, तर हे कोण? मुलांनी इंग्रजीच्या नियमाप्रमाणे 'वग्ज' असं उत्तर दिलं. हा शब्द त्यांनी आधी ऐकलेला असणं शक्यच नव्हतं. मुलगी चारेक वर्षांची झाली की तुम्ही हे मराठीत करून बघा. 'बाहुली रोज डबुकते. कालपण ती...?' 'डबुकली' असं उत्तर येईल. बाहुलीच्या जागी बोका घेतला तर 'डबुकला'. काळ आणि लिंग दोन्ही सांभाळून, तेही जगात नसलेल्या क्रियापदावर!

मराठीत तर हे काम जास्तच अवघड आहे. 'आई आंबा खाते', पण 'आईने आंबा खाल्ला'. खाणारी आई, आणि क्रियापद मात्र आंब्याच्या लिंगाने चालतं. 'बाबांनी पोळी खाल्ली' तेही तसंच. त्यात पुन्हा 'मी' आणि 'तू' यांना 'ने' लागतच नाही. मोठेपणी मराठी शिकायला बसलेली माणसं इथे वर्षानुवर्षं अडखळतात, आणि आपली मुलं शाळेत जायच्या आधी बिनबोभाट हे वापरत असतात. दिवसभर आई-आजीच्या सहवासात असलेला मुलगा काही दिवस 'मी येते' म्हणतो, त्याला घरचे हसतात. पण त्याच्या बाजूने विचार करा. 'मी'बरोबर कधी 'येतो' ऐकू येतं, कधी 'येते'. हा फरक बोलणाऱ्यावर ठरतो, हे त्याला कुणीही सांगितलेलं नसतं. ते तो स्वतः शोधून काढतो.

ही तयारी पहिला शब्द फुटण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. 1984 साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला. घरात जो फरक कामाचा नाही, तो कान सोडून देतो. तुमच्या मुलीला 'ताक' आणि 'टाक' वेगळे ऐकू येतात, कारण तिच्या कानाला तो फरक धरून ठेवावा लागला. 1996 साली जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं निरर्थक अक्षरांची सलग, न थांबणारी माळ ऐकवली. कोणतं अक्षर कोणत्या अक्षरामागून नेहमी येतं, एवढ्यावरून त्या बाळांनी त्यातले 'शब्द' वेगळे ओळखले.

हे सगळं मूल जन्मतःच घेऊन येतं की ऐकून ऐकून कमावतं, यावर जन्मजात क्षमतेची बाजू मांडणारे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि त्यांचे विरोधक यांचा वाद साठ वर्षांहून जास्त काळ चालू आहे. माझं मत विचाराल तर रचना शोधण्याची ओढ उपजत असते, पण माणसांची सोबत नसेल तर ती कोरडी राहते. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशातली गोष्ट मला याचा सगळ्यात बोलका पुरावा वाटते. 1977 नंतर तिथे मनाग्वा शहरात कर्णबधिर मुलांना पहिल्यांदाच मोठ्या संख्येने शाळेत एकत्र आणलं गेलं. शिक्षकांचा भर स्पॅनिश बोलायला आणि ओठ वाचायला शिकवण्यावर होता, ते फारसं जमलं नाही. मुलं मात्र मैदानात आणि बसमध्ये आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळू लागली. नंतर आलेल्या लहान मुलांनी त्या खुणा उचलल्या आणि त्यांची पक्की भाषा केली. अ‍ॅन सेंघास आणि सहकाऱ्यांनी 2004 साली दाखवलं की 'घरंगळत खाली गेला' हे पहिल्या पिढीतले लोक बरेचदा एकाच हालचालीत दाखवत. नंतरची मुलं 'घरंगळणं' आणि 'खाली जाणं' या दोन खुणा सुट्या करून एकापुढे एक मांडत. सुटे तुकडे करायचे आणि त्यांतून हवं ते वाक्य जुळवायचं, हा जगातल्या प्रत्येक भाषेचा पाया आहे. तिथे तो मुलांनी घातला.

आता सुधारण्याचं. 'करलं नाही, केलं म्हण' असं दटावून उपयोग होत नाही. मूल तुमच्यासमोर एकदा म्हणेल आणि पुढच्या वाक्यात पुन्हा 'करलं'. ती म्हणाली 'मी चित्र करलं', तर 'हो? तू चित्र केलंस? कुणाचं केलंस?' असं विचारा. बरोबर रूप दोनदा कानावर गेलं आणि गप्पाही थांबल्या नाहीत. शाळा इंग्रजी माध्यमाची घ्यायची म्हणून घरात तोडकंमोडकं इंग्रजी सुरू करू नका, ही माझी कळकळीची विनंती. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाडावता, गोष्ट रंगवून सांगता, तीच तिला भरपूर मिळू द्या. दोन भाषा घरात सहज असतील तर दोन्ही बोला, त्याने गोंधळ होत नाही.

काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची. दोन वर्षं होऊनही मूल 'दूध दे', 'बाबा गेला' असे दोन शब्द जोडत नसेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा येत असलेले शब्दच बोलेनासं झालं असेल, तर 'त्याचे काकाही उशिराच बोलले' म्हणत वाट बघू नका. आधी कान तपासा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे, आणि इतर शहरांतही ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, असतात. ऐकू कमी येत असल्याचं निघालं, तर यंत्राचा किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय होईपर्यंतही मुलाशी खुणांच्या भाषेत बोलायला लागा. त्या वयातले महिने भाषेविना जाऊ देऊ नयेत.