मुलांमध्ये इन्फ्लुएंझा ‘बी’ खरंच सौम्य असतो का?

चार वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये इन्फ्लुएंझा बी, म्हणजे फ्लूच्या विषाणूचा बी प्रकार, आलाय, ‘बी म्हणजे साधा, घाबरू नका’ असं नातेवाईक म्हणतात, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी बालरोगतज्ज्ञ आहे. घाबरू नका हे बरोबर, पण ‘साधा’ हे लहान मुलांच्या बाबतीत मला अजिबात पटत नाही.

बी मुख्यतः माणसांमध्येच फिरतो. ए प्रकारासारखा तो पक्ष्यांतून, डुकरांतून नवं रूप घेऊन येत नाही, म्हणून त्याची जागतिक साथ येत नाही. सौम्यपणाचा शिक्का त्याला बहुधा त्यामुळेच बसला. २००९ मध्ये पुण्यात धुमाकूळ घातला तो ए-एच१एन१. तेव्हा वयस्कर लोकांकडे जुन्या संसर्गांमुळे थोडी तरी प्रतिकारशक्ती होती, मुलांकडे नव्हती. २०२३ च्या मार्चमध्ये बातम्यांत होता तो एच३एन२. तोही ए. त्यात ताप झपकन चढतो आणि पाच वर्षांखालच्या काही मुलांना आकडी येते.

बी मात्र शाळकरी मुलांना जास्त गाठतो. त्यातली एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण आईवडील तिने हादरून जातात. ताप उतरतो, मूल खेळायला लागेल असं वाटतं, आणि सकाळी ते पलंगावरून खाली पाय टेकवायलाच तयार नसतं. उभं केलं तर चवड्यांवर, पाय ताठ ठेवून चालतं. पोटरीला नुसता हात लावला तरी कळवळतं. पायातलं बळ गेलं, असं समजून लोक धावत येतात. हा पोटरीच्या स्नायूंचा दाह असतो, एचा नाही तर बहुतेकदा बीचाच, आणि साधारण आठवडाभरात आपोआप बरा होतो. तरीही डॉक्टरांना दाखवाच. लघवी चहासारखी गडद झाली किंवा पाय खरोखर लुळे वाटले तर तासभरही थांबू नका.

तापाला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन कृपा करून देऊ नका. फ्लूमध्ये त्याने यकृत आणि मेंदूला इजा करणारा रेय सिंड्रोम होऊ शकतो, आणि तो बीनंतर विशेष पाहिला गेलाय.

रिपोर्टवरच्या अक्षरापेक्षा मुलीच्या श्वासाकडे जास्त लक्ष द्या. ती शांत झोपलेली असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात ४० किंवा त्याहून जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ती पाणी पीत नसेल किंवा नुसती पडून राहत असेल, तर लगेच दवाखाना गाठा. ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला तरी तसंच, कारण मागून न्यूमोनिया होऊ शकतो. ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध ए-बी दोन्हींवर चालतं, पण पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी. द्यायचं की नाही ते तपासणारे डॉक्टर ठरवतील.

ती बरी झाली की लशीचं विचारा. आता बी होऊन गेला तरी पावसाळ्यात ए गाठू शकतो. लस दोन्हींवर असते, आणि तिची पहिलीच वेळ असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील.