जीन्स आता पूर्वीसारखी का टिकत नाही?

फरक मुळात कापडात आहे. पूर्वीची जीन्स शंभर टक्के सुती, बऱ्याचदा 14 औंसांच्या आसपासची (म्हणजे एक चौरस यार्ड कापडाचं वजन). नवी असताना पुठ्ठ्यासारखी ताठ, पण वापरता वापरता अंगाचीच होऊन जायची. आता ताणली जावी म्हणून इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा कृत्रिम धागा, घालतात, कापडही पातळ. उष्णतेने इलास्टेनचा ताण जातो आणि गुडघ्यावर फुगे येतात. त्यात जुनी दिसावी म्हणून दगड आणि एन्झाइमने आधीच धुतलेली, म्हणजे बरीच झीज आपण घालण्यापूर्वीच झालेली! माझ्या दोन जीन्स मांडीच्या आतल्या बाजूलाच विरल्या, खिसे मात्र शाबूत.

फिटिंगचं म्हणाल तर कंबर खाली गेली, पुन्हा वर आली, ती फॅशन. घेताना आतलं लेबल वाचा आणि शक्यतो निव्वळ सुतीच घ्या.