सरांना शाल नको, मग द्यायचं काय?

(शाळेत पळायला शिकवणाऱ्या सरांबद्दल मागच्या अंकात चार ओळी काय लिहिल्या, नाशिकहून पत्रांवर पत्रं आली. त्यातली चार निवडलीयेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, चालवून घ्या.)

प्रश्न : ताई, आमचे पीटीचे सर येत्या ३१ मेला रिटायर होतायत. तीस-बत्तीस वर्षं एकाच शाळेत काढली आणि रोज पहाटे साडेपाचला ग्राउंडवर हजर, थंडी असो पाऊस असो. शाळेची क्रॉसकंट्रीची, म्हणजे रस्ता सोडून माती-गवत-चढावरून पळायच्या शर्यतीची, टीम त्यांनीच उभी केली, पांडवलेण्याच्या पायथ्याशी आम्हाला चढ पळवायचे, उलट्या व्हायच्या पण दुसऱ्या दिवशी परत जायचो. आता बॅचच्या ग्रुपवर रोज भांडणं चालू आहेत, एक म्हणतो हॉल घेऊ आणि पालकमंत्र्यांना बोलवू, दुसरा म्हणतो सोन्याची चेन, तिसऱ्याला चौकात फ्लेक्स लावायचाय. सरांच्या कानावर गेलं तर म्हणाले, शाल-बिल काही आणू नका रे, कपाटात ढीग पडलाय. माझा भाचा अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे हायस्कूलच्या क्रॉसकंट्री कोचच्या नावाने दरवर्षी रेसच ठेवतात. आपल्याकडे जमेल का असं? — दहावी १९९६ ची बॅच, सातपूर

उत्तर : जमेल की, न जमायला काय झालं. चेन आणि फ्लेक्स आधी बाजूला ठेवा. फ्लेक्सवर सरांचा फोटो अंगठ्याएवढा असतो आणि शुभेच्छुकांचे वीस फोटो त्याच्याभोवती, सगळ्यांनी पाहिलंय ते.

भाचा म्हणतो ते खरं आहे. तिकडे एकाच शाळेत चाळीस-पन्नास वर्षं काढलेले कोच असतात आणि त्यांना लोक डोक्यावर घेतात. शिकागोजवळ एल्महर्स्टला यॉर्क हायस्कूल म्हणून शाळा आहे, तिथले जो न्यूटन, त्यांच्या मुलांनी क्रॉसकंट्रीची २८ राज्य विजेतेपदं मिळवली. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला अमेरिकेच्या मॅरेथॉन टीमबरोबर ते कोचिंग स्टाफमध्ये होते, हायस्कूलच्या कोचला असा मान मिळणं म्हणजे विशेषच. २०१६ ला थांबले, २०१७ च्या डिसेंबरमध्ये गेले. पण मला त्या २८ पेक्षा त्यांची एक सवय जास्त भारी वाटते, टीममध्ये दीड-दोनशे पोरं असायची आणि प्रॅक्टिस संपली की प्रत्येकाशी हात मिळवायचे, सगळ्यात मागे राहिलेल्याशी सुद्धा. पोरांना टोपणनावं पण त्यांनीच ठेवलेली. (आपले सर पण ठेवायचे ना, फक्त ती इथे छापता येणार नाहीत.)

आता यात मागच्या पोराला एवढा भाव का, तर क्रॉसकंट्रीचा हिशोबच तसा आहे. शंभर मीटरला पहिला आला की विषय संपला. इथे अमेरिकेतल्या शाळांत एका टीमची सात जणं पळतात, त्यातल्या पहिल्या पाच जणांचे नंबर मिळवायचे, ज्यांची बेरीज कमी ती टीम जिंकली. पाचही पोरं एक ते पाच आली तर १५, त्याच्या खाली जाताच येत नाही. म्हणजे तुमचा एक हिरो पहिला आला पण पाचवा गडी साठावा आला तर गेली टीम. सहाव्या-सातव्याचे मार्क धरत नाहीत पण ते समोरच्या टीमच्या पोराच्या पुढे आले तर त्याचा नंबर मागे ढकलतात, म्हणून तेही जीव खाऊन पळतात. जागतिक क्रॉसकंट्रीत सिनियरला चौघांचे धरतात, आपल्याकडे स्पर्धेप्रमाणे आकडा बदलतो, तत्त्व तेच. त्यामुळे या खेळातला कोच पहिल्या नंबरवाल्याचा एकट्याचा नसतो, त्याची निम्मी मेहनत त्या पाचव्याला वर आणण्यात जाते आणि सत्काराच्या दिवशी नेमका तोच पाचवा स्टेजवर नसतो. तुम्ही जे काही कराल त्यात एवढं सांभाळा, बाकी चेन द्या नाहीतर देऊ नका.

म्हणून रेस घ्याच, पण ३१ मेला नको!! निरोप समारंभ शाळा करेल तेव्हा करू दे, पळणं डिसेंबर-जानेवारीत ठेवा. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये क्रॉसकंट्री भर उन्हाळ्यात ठेवली होती, ३८ जण सुटले आणि १५ च पोचले, फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला खरा पण उन्हाने लोक रस्त्यात कोसळत होते आणि त्यानंतर तो प्रकार ऑलिम्पिकमधून जो गेला तो गेलाच. नाशिकची जानेवारीतली सकाळ सोडून मे महिन्यात कशाला मरायचं. हवं तर १५ जानेवारी धरा, खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, आपल्या सरकारने तो राज्य क्रीडा दिन केलाय.

रस्त्यावर घेऊ नका, ट्रॅफिक पोलीस, बॅरिकेड, परवानग्या सगळी कटकट आणि शिवाय ती मग क्रॉसकंट्री राहत नाही, रोड रेस होते. शाळेचं मैदान आणि मागचं माळरान मिळून दीड-दोन किलोमीटरचा एक लूप काढा, मोठ्या स्पर्धांतही साधारण तेवढाच असतो, त्यात एखादा चढ, थोडी माती, थोडं गवत. लूपचा फायदा असा की सर एका जागी खुर्चीत बसले तरी प्रत्येक पोरगं त्यांच्यासमोरून दोन-तीनदा जातं. (बसणार नाहीत ते, पण खुर्ची ठेवा.) सध्याच्या शाळेच्या पोरांची वेगळी रेस, लहानांना एकच लूप पुरे. आणि जुन्या बॅचेसची वेगळी, प्रत्येक बॅचची पाच जणांची टीम आणि बेरीज वर सांगितली तशी. बघा मग कशी फोनाफोनी होते ते, पाचवा कुठे आहे, तो अंबडला कंपनीत असतो, त्याची शिफ्ट आहे का, त्याला आणा. फक्त पंचेचाळिशीच्या मंडळींनी दोन-तीन महिने आधीपासून चालणं-पळणं सुरू करा, बीपी-शुगर असेल त्यांनी डॉक्टरला विचारून, आणि पोट सुटलेल्यांनी शर्यत लावू नका, उगाच सरांच्या कार्यक्रमात अँब्युलन्स पळायची.

फिनिशला एक गोष्ट नीट करा, नाहीतर तिथेच राडा होतो. रेषेच्या पुढे दोन्ही बाजूंनी दोरी बांधून एक माणूस जाईल एवढीच गल्ली करायची, आलेल्याने त्याच ओळीत पुढे सरकत राहायचं, कोणी कोणाला ओलांडायचं नाही आणि गल्लीच्या तोंडाशी एकाने नंबर लिहिलेली आइस्क्रीमची काडी हातात द्यायची. १, २, ३ अशा काड्या आधीच लिहून ठेवा. प्रत्येक बॅचने आपल्या पाच काड्या टेबलावर आणून द्यायच्या, बेरीज झाली, निकाल तयार. टायमिंगच्या चिप-बिप काही लागत नाहीत.

दुसरं काम आत्ताच सुरू करा. गौरव अंक काढायचा मोह होईल, त्यात अर्ध्या पानावर बिल्डरची जाहिरात आणि अर्ध्यावर आमदारांचा संदेश. त्याऐवजी एक साधी यादी छापा, ज्या वर्षी शाळेची टीम उतरली त्या प्रत्येक वर्षाची, टीममधल्या सगळ्यांची नावं, राखीव सुद्धा. सरांकडे वह्या असणारच, पीटीच्या सरांकडे शंभर पानी वही असते आणि तिच्यात हजेरी, टायमिंग आणि कोणाकडून केळ्यांचे पैसे यायचेत हे सगळं एकाच पानावर असतं. काकूंना विश्वासात घ्या, त्या माळ्यावरून काढून देतील. नाही मिळालं तर शाळेचे जनरल रजिस्टर, जुने फोटो, लोकांच्या घरातली सर्टिफिकेटं. वेळ लागतो याला, शेवटच्या आठवड्यात होत नाही.

आणि पैसे जमलेच असतील तर चेनऐवजी बुटांचा निधी करा. रोज सात-आठ किलोमीटर पळणाऱ्या पोराचा बूट पाच-आठशे किलोमीटरला बसतो, म्हणजे दोन-चार महिन्यांत गेला. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून शिकायला आलेल्या पोरांच्या घरी कोण घेणार दर तीन महिन्याला नवा बूट? निधी माजी विद्यार्थी संघाच्या खात्यातच ठेवा, एकाच्या जीपेवर नको, मैत्री तिथे तुटते. निधीला सरांचं नाव द्या, पण आधी त्यांना विचारा.

प्रश्न : आमच्या सरांना सरकारी पुरस्कार मिळावा असं आम्हा सगळ्या माजी खेळाडूंना वाटतं. नाशिकचं नाव पळण्यात एवढं मोठं, मग शाळेच्या कोचकडे कोणी बघत का नाही? कुठे अर्ज करायचा? — देवळाली कॅम्प

उत्तर : नाव मोठं आहेच. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० ला दिल्ली कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला ब्रॉन्झ आणि त्याच वर्षी ग्वांगझू एशियाडला सिल्व्हर आणलं, संजीवनी जाधवने २०१८ च्या आशियाई क्रॉसकंट्रीत ब्रॉन्झ घेतलं, आणि दोघींच्या मागे नाशिकचे कोच विजेंदर सिंग हे इथे पोराटोरांना माहितीये. पण त्या पातळीला पोचायच्या आधी कुठल्यातरी शाळेत कोणीतरी शिट्टी वाजवून पोरांना पहिल्यांदा पळवलेलं असतं, त्या माणसाचं नाव कोणत्याच बातमीत येत नाही.

पुरस्कार तीन पातळ्यांवर आहेत. जिल्ह्याचा गुणवंत क्रीडा मार्गदर्शक, राज्याच्या शिवछत्रपती पुरस्कारांमधला मार्गदर्शकांचा, आणि केंद्राचा द्रोणाचार्य. द्रोणाचार्य १९८५ ला सुरू झाला, पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत पी. टी. उषाचे कोच ओ. एम. नंबियार होते, पुढे त्यात जीवनगौरवही आला. पण स्पष्ट सांगते, वरच्या दोन्हींना मोठ्या स्पर्धांतली मेडलं लागतात, शाळेच्या सरांनी दीडशे पोरं धडधाकट केली हे त्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात भरणार? तेव्हा सुरुवात जिल्ह्यापासून करा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा, अर्ज मागवल्याची जाहिरात कधी येते ते विचारा आणि त्या वर्षीचे निकष हातात घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

खरी मारामारी कागदांची असते. सर्टिफिकेटवर कोचचं नाव नसतं, शाळेचं असतं, म्हणून त्या काळात सर तिथे होते याचं मुख्याध्यापकांचं पत्र लागेल. मुलींची लग्नानंतर नावं बदललीयेत, तेही जुळवावं लागतं. हे सगळं तुम्ही गोळा करून फाईल सरांच्या हातात द्या, सही तेवढी त्यांची. स्वतःसाठी सर्टिफिकेटं मागत फिरणं त्यांच्याच्याने होणार नाही, तसली माणसं नसतात ती. आणि आम्ही तुम्हाला पुरस्कार मिळवून देणारच असं आधी बोलू नका, नाही मिळाला तर त्यांनाच वाईट वाटेल.

प्रश्न : ताई, सगळे आमच्या सरांचं कौतुक करतायत पण मला ते मारायचे. उशीर झाला की छडी, दमले की शिव्या, एकदा ताप असताना पळवलंय. मी पळणं सोडलं ते त्यांच्यामुळेच. सत्काराला ये म्हणून मैत्रिणी मागे लागल्यात, नाही गेले तर आगाऊ ठरेन. — पंचवटी

उत्तर : जाऊ नकोस. कोणी विचारलं तर जमत नाही म्हण, कारण द्यायला तू बांधील नाहीस. सरांनी इतरांचं भलं केलं असेल, ते खरं आणि तुझं झालं तेही खरं, एकाने दुसरं पुसलं जात नाही. तापात पळवणं ही शिस्त नव्हे, ते धोक्याचं असतं, हृदयाला सूज येऊ शकते. आणि सत्कार करणाऱ्यांना माझं सांगणं, भाषणात 'सरांचा मार खाल्ला म्हणून घडलो' हे वाक्य हसत हसत येतंच येतं, ते यावेळी गाळा. समोर सध्याच्या शाळेची पोरं बसलेली असतात.

मनात असेल तर एखाद्या मैत्रिणीला तेवढं सांगून बघ. तू एकटीच नसशील.

प्रश्न : शाल नको म्हणतात, मोमेंटो नको म्हणतात, मग हातात द्यायचं तरी काय? बजेट पाच हजार. — नाशिकरोड

उत्तर : ट्रॅकसूट. साईज काकूंना विचारा, अंदाजाने आणू नका, सर रिटायर व्हायला आले तरी आपल्या डोळ्यासमोर पंचवीस वर्षांपूर्वीचेच असतात. उरलेल्या पैशात चांगलं स्टॉपवॉच, लॅप साठवणारं, मोठ्या आकड्यांचं, चष्मा न लावता दिसेल असं. त्यावर नाव-बिव कोरू नका, कोरलं की ते शोकेसमध्ये जातं.