वाचकांचे प्रश्न : घरमालकाविरुद्ध दाद कोठे मागावी?

प्रश्न : पंचवटीतील एका जुन्या वाड्यात आम्ही दोन खोल्यांत राहतो. भाडेपावत्या सासऱ्यांच्या नावाच्या. ते आता हयात नाहीत. वाडा विकला गेल्यापासून नवे मालक भाडे घेत नाहीत, चौकातला सामाईक नळ बंद केला आहे आणि 'महापालिकेची नोटीस येणारच आहे, त्याआधी निघा' असे रोज ऐकवतात. शेजारी म्हणतात, आपणही भाडे देऊ नये. तक्रार नेमकी कोठे करावी?
— एक वाचक भगिनी, पंचवटी

उत्तर : शेजाऱ्यांचा सल्ला तेवढा मानू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १५ भाडेकरूला संरक्षण देते ते तो भाडे देत असेल किंवा द्यायला तयार असेल तोवरच. म्हणून दरमहा भाडे मनीऑर्डरने पाठवा आणि 'घेण्यास नकार' असा पोस्टमनचा शेरा मारून परत आलेला प्रत्येक कागद फाईलला लावून ठेवा. सासरे वारले तेव्हा आपण त्यांच्यासोबत राहत असाल, तर त्यांच्या कुटुंबातील व्यक्ती म्हणून भाडेकरूपणावर आपणास हक्क सांगता येतो. मालक बदलल्याने तो जात नाही.

घरमालकाविरुद्धच्या सर्व तक्रारी घेणारे एकच कार्यालय नाही आणि लोकांचे हेलपाटे होतात ते यामुळेच. महापालिकेत गेले की 'हा मालक-भाडेकरूंचा वाद आहे' आणि पोलीस ठाण्यात गेले की 'ही दिवाणी बाब आहे' असे ऐकून परतावे लागते. पाण्यासाठी आपला रस्ता न्यायालयाचा आहे. पाणी, वीज, जिन्यातील दिवा, स्वच्छता यांसारखी अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाविना तोडण्यास कलम २९ मनाई करते, सेवा पूर्ववत करण्याचा आदेश न्यायालयाकडे मागता येतो आणि दोषी मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मालकाने पाणीपट्टी मुद्दाम थकवली आणि त्यापायी महापालिकेने नळ तोडला, तरी तो मालकानेच तोडल्यासारखा धरला जातो. अर्जासोबत जुन्या पावत्या, वीजबिल, शिधापत्रिका आणि बंद नळाची तारखेसह छायाचित्रे जोडा. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास सीबीएस, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

धमकी, कुलूप तोडणे किंवा सामान बाहेर फेकणे हे मात्र पोलिसांचेच काम आहे. अशा वेळी ११२ वर कळवा, लेखी तक्रार द्या आणि प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. तक्रार घेतलीच नाही, तर तीच स्पीड पोस्टाने पोलीस आयुक्तांकडे पाठवा.

नोटिशीबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण धोकादायक वाड्यांना नोटिसा देणे हा नाशकात दर पावसाळ्याचा परिपाठ आहे आणि काही मालकांना ती आयती संधी वाटते. वाडा खरोखरच धोकादायक असेल तर जीव महत्त्वाचा, बाहेर पडा. परंतु निघण्यापूर्वी 'केवळ नोटिशीमुळे जागा सोडत आहोत, भाडेहक्क कायम आहे' असे मालक व महापालिका या दोघांनाही लेखी कळवा, खोल्यांचे क्षेत्रफळ त्यात नमूद करा आणि कोणी आणून दिलेल्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. सांगली येथील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे की, महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही.

दुरुस्तीचे म्हणाल, तर मालकाला पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन ती स्वतः करता येते व खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. वाड्यांची भाडी पाहता त्यात चार कौलेही बदलून होणार नाहीत.

प्रश्न : मुलगा कॉलेज रोड परिसरात शिकण्यासाठी राहत होता. करार तोंडी होता; आता मालक अनामत रक्कम परत देत नाहीत.
— एक पालक, मालेगाव

उत्तर : करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ ने मालकावरच टाकली आहे. नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अनामत बँकेतून किंवा यूपीआयने दिली असल्यास तो उतारा जोडून वकिलामार्फत नोटीस पाठवा आणि तीत कलम ५५ चा उल्लेख अवश्य करा. त्यानंतरही रक्कम न मिळाल्यास दिवाणी दावा करावा लागेल.