सूचनापेटी रिकामी का राहते?

प्रश्न : अंधेरी पूर्वेला आमचा पुठ्ठ्याची खोकी छापून, कापून, चिकटवून देण्याचा कारखाना आहे, औषधे आणि मसाले बनवणाऱ्या कंपन्या आमच्या ग्राहक आहेत. दोन्ही पाळ्या मिळून ४६ माणसे आहेत. वडिलांकडून कारभार माझ्याकडे आला, तेव्हा कामगारांनीही नव्या कल्पना मांडाव्यात म्हणून मी सूचनापेटी लावली आणि उत्तम सूचनेला ५०० रुपयांचे बक्षीस जाहीर केले. पहिल्या महिन्यात १९ चिठ्ठ्या आल्या, दुसऱ्या महिन्यात ३, आणि आता पेटी उघडावीशीही वाटत नाही. आमच्या माणसांना नव्याची हौसच नाही, की माझेच काही चुकते आहे?
– एक वाचक भगिनी, अंधेरी

उत्तर : पहिल्याच महिन्यात १९ चिठ्ठ्या आल्या, तेव्हा हौस नव्हती असे म्हणता येणार नाही. त्या १९ चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले, हे मात्र आपल्या पत्रात कोठेच नाही. किती सूचना अमलात आल्या, किती बाजूला पडल्या, आणि बाजूला पडल्याचे कारण त्या त्या माणसाला कोणी सांगितले का? बक्षिसाची रक्कम वाढवण्यापेक्षा, प्रत्येक सूचनेला आठ दिवसांच्या आत होकार, नकार किंवा ‘करून पाहू’ असे उत्तर समक्ष देण्याचा नियम आपण स्वतःला घालून घ्यावा, असे मी सुचवेन. पेटीचाही फारसा आग्रह नको. हात उत्तम चालणाऱ्या पुष्कळ माणसांना लिहिण्याचा संकोच असतो. चहाच्या वेळी यंत्राजवळ उभे राहून विचारले, तर तेच मोकळेपणाने बोलतात.

दुसरी गोष्ट नाजूक आहे आणि मालकमंडळी ती सहसा उच्चारत नाहीत. समजा, डाय-कटिंगच्या, म्हणजे साच्याने पुठ्ठा कापण्याच्या, यंत्रावरील एखाद्याने एका ऑर्डरचे काम उतरवून दुसरीचे चढवण्यास लागणारा तासाभराचा वेळ अर्ध्यावर आणण्याची युक्ती सुचवली. कारखान्याचा फायदा उघड आहे. पण आज जादा लागणाऱ्या त्याच अर्ध्या-अर्ध्या तासांतून त्याचा ओव्हरटाइम होत असेल आणि त्या ओव्हरटाइमवर नालासोपाऱ्याच्या खोलीचा हप्ता फिटत असेल, तर एकदाच मिळणाऱ्या ५०० रुपयांसाठी तो स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेईल? सूचनेमुळे कोणाचेही काम जाणार नाही आणि होणाऱ्या बचतीतला ठरावीक वाटा पहिले सहा महिने त्या संपूर्ण पाळीला मिळेल, हे आपण आधी जाहीर करावे, लेखी लावावे आणि मुख्य म्हणजे पहिल्याच पगाराला पाळून दाखवावे. हे केल्याखेरीज बाकीच्या उपायांचा उपयोग होईल असे मला वाटत नाही.

सुपरवायझरचीही बाजू पाहावी. त्याच्या विभागातून आलेली सूचना म्हणजे ‘हे तुला आजवर कसे सुचले नाही’ असा ठपका, असे त्याला वाटत असेल, तर तो ती तुमच्यापर्यंत पोहोचूच देणार नाही. टोयोटाच्या कारखान्यांत काही बिघडल्याची शंका येताच कामगार डोक्यावरची दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, गटप्रमुख लगेच त्याच्याजवळ येतो, आणि अडचण ठरलेल्या वेळात सुटली नाही तरच काम थांबते. तेथे गटप्रमुखाचे कामच मुळी हाक आली की धावून जाण्याचे आहे. आपल्या सुपरवायझरची वार्षिक वाढ ठरवताना त्याच्या विभागातून किती सूचना वर आल्या हेही मोजले गेले, तर त्याचा सूर बदलेल.

अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधे देताना होणाऱ्या चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी पाहता त्या जास्त आढळल्या. चांगले गट अधिक चुकत नव्हते, त्यांच्यात चूक सांगण्याची भीती कमी होती, असा उलगडा त्यांना पुढे झाला. आपल्याकडे छपाईतील रंगाची छटा बिघडल्याची बातमी आधी यंत्रावरून येते की ग्राहकाच्या फोनवरून, एवढे तपासले तरी कारखान्यातील मोकळेपणाचा अंदाज येईल.

अर्थात मोकळीक म्हणजे मनमानी नव्हे. औषधाच्या खोक्यावरील मजकूर ही प्रयोगाची जागा नाही, तेथे अक्षरही हलता कामा नये. चिकटवणे, रचणे, बांधणे, पुठ्ठ्याची नासाडी कमी करणे, येथे मात्र वेस्टेजच्या तावांवर हवे तेवढे करून पाहता येईल. एका प्रयोगाला कमाल किती रुपये आणि किती तास, हे आधी ठरवावे; त्या मर्यादेत नुकसान झाले तर कोणालाही जाब विचारू नये. टाटा समूहाच्या ‘इनोव्हिस्टा’ उपक्रमात नेटाने केलेल्या पण फसलेल्या प्रयत्नांसाठी ‘डेअर टू ट्राय’ हा स्वतंत्र सन्मान दिला जातो. आपल्याला समारंभाची गरज नाही. फसलेला प्रयोग आपण स्वतः सर्वांसमोर न रागावता समजून घेतला, तरी पुरे.

प्रश्न : मी लोअर परळच्या एका कार्यालयात नोकरी करते. बैठकीत मी मांडलेली कल्पना ‘अव्यवहार्य’ ठरते आणि पंधरा दिवसांनी तीच साहेबांच्या तोंडून मंजूर होते. मी गप्प बसावे का?
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : गप्प बसू नये, पण बैठकीत वादही घालू नये. ज्या दिवशी कल्पना मांडाल, त्याच संध्याकाळी तिचा गोषवारा आणि अंदाजे खर्च चार ओळींत लिहून बैठकीतील सर्वांना ईमेलने पाठवावा. डोंबिवलीच्या परतीच्या लोकलमध्ये बसायला मिळाले, तर तेवढ्या प्रवासातही तो लिहून होईल. पुढे साहेबांनी तीच कल्पना मांडली, तर ‘मी पाठवलेल्या टिपणातील पुढचा भाग मी हाती घेऊ का?’ असे शांतपणे विचारावे. दोन-तीन वेळा असे करूनही फरक पडला नाही, तर विभाग बदलून मागावा. आणि अंधेरीच्या भगिनींनी आपल्या सूचनाफलकावर सूचनेशेजारी सुचवणाऱ्याचे नावही लिहावे, त्याची हरकत नसेल तर.