पॅनलचं दार लाव आधी

अगं, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खऱ्या कामाचा वाटा) सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनलचा तुझा फोटो बघितला. झाकण फुगून वर आलेला कॅन (म्हणजे डब्यातला कपॅसिटर), पॅनलचं दार सताड उघडं आणि समोर पेडेस्टल फॅन. आधी हसूच आलं, कारण तुझ्या वयाचा असताना मी डिट्टो हेच केलेलं आणि वर साहेबांना ऐटीत सांगितलेलं की कूलिंगची सोय केलीये म्हणून. त्याच आठवड्यात अजून दोन कॅन गेले.

तुझ्या पॅनलला वर एक्झॉस्ट फॅन दिसतायत, खाली जाळी आहे. दार बंद असलं की हवा खालून शिरते, कॅनच्या रांगांमधून वर चढते आणि बाहेर पडते. दार उघडं टाकलं की वरचे फॅन समोरचीच हवा ओढत बसतात आणि खालच्या रांगेतली गरम हवा जागची हलत नाही. धूळ आत येते ती वेगळी. आणि एखादा कॅन फुटलाच तर मध्ये पत्रा नाही, तू आहेस. म्हणून दार लाव, आणि खालच्या जाळीमागचा फिल्टर काढून उजेडात धर. मी एकदा असा काढलेला तर आरपार काही दिसतच नव्हतं, नुसतं नमद्यासारखं जाड झालेलं, आणि वर फॅन बिचारे जीव तोडून फिरत होते.

आता तू लिहिलंयस की बाहेर ४५ डिग्री आहे म्हणून कपॅसिटर जातायत. बाहेर किती आहे ते कपॅसिटरला काय कळणार, त्याला कळते ती त्याच्या अंगाला लागणारी हवा, आणि बंद पॅनलमध्ये ती बाहेरच्यापेक्षा १०-१५ डिग्री सहज जास्त असते. कॅनचं लेबल वाच, -२५/डी असं काहीतरी असेल. डी म्हणजे कमाल ५५, इथपर्यंत सगळेच वाचतात. पण आयईसी ६०८३१ या कपॅसिटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्याच डी क्लासला २४ तासांची सरासरी ४५ च्या वर नको आणि वर्षाची ३५ च्या वर नको असंही आहे, आणि गरम हवामानात खरी गोची तिथेच होते. दुपारी दोन तास ५५ लागले तर एकवेळ निभावतं, पण रात्रीही पॅनल थंड होत नसेल तर सरासरी कधीच हाताबाहेर गेलेली असते. ढोबळ हिशोब असा की दर ८-१० डिग्रीला आयुष्य निम्मं.

आत काय होतं तेही सांगतो. पॉलिप्रॉपिलीनच्या फिल्मवर धातूचा अगदी पातळ थर असतो. फिल्मला कुठे बारीक भोक पडलं की तिथला थर जळून उडून जातो आणि ती जागा आपोआप वेगळी पडते, याला सेल्फ हीलिंग म्हणतात. छान सोय आहे, पण दर वेळी थोडा गॅस होतो आणि थोडी कपॅसिटी जाते. उष्णतेने फिल्म कमजोर झाली की अशी भोकं भराभर पडायला लागतात, गॅस साठतो, झाकण वर उचललं जातं आणि आतलं कनेक्शन तुटतं. म्हणजे तुझ्या फोटोतल्या कॅनने शिस्तीत स्वतःला लाइनमधून बाहेर काढलंय. म्हणूनच कॅनच्या वर जागा सोडावी लागते, वर कडक बसबार (वीज वाहणारी धातूची पट्टी) दाबून बसवला तर झाकण उचलायचं कुठे?

मग ही गरमी येते कुठून? कपॅसिटर स्वतः फार तापत नाही, किलोव्हारमागे (कपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक) साधारण अर्धा वॅट, म्हणजे २०० किलोव्हारची बँक (कॅनचा संच) जेमतेम १०० वॅट. हार्मॉनिक्सपासून (५० हर्ट्झच्या पटीतल्या नको असलेल्या लहरींपासून) कॅनला वाचवायला त्याच्यासोबत जोडलेली कॉइल, म्हणजे डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर मात्र त्याच्या कित्येक पट उष्णता टाकतो, आणि तुझ्या फोटोत रिअ‍ॅक्टर बरोब्बर कॅनच्या खाली बसवलेत! भट्टी खाली आणि कॅन वर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं आपण कॅन बदलत बसतो. जमलं तर रिअ‍ॅक्टर वरच्या कप्प्यात घ्या नाहीतर मध्ये आडवा पत्रा टाकून त्यांची हवा वेगळी काढा. सोपं काम नाहीये, शटडाऊन लागेल, माहितीये.

नवीन कॅन मागवताना व्होल्टेज बघ. स्टोअरमध्ये ४४० चे पडलेत म्हणून तेच लावू नकोस. ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर असेल तर ४१५ च्या सप्लायवर कॅनला ४१५ भागिले ०.९३ (१ वजा ०.०७) म्हणजे ४४६ मिळतात, आणि रात्री लोड कमी झाला की सप्लाय अजून चढतो. म्हणून तिथे ४८० किंवा ५२५ चेच घे. फक्त जास्त व्होल्टचा कॅन कमी व्होल्टला चालवला की किलोव्हार व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात घटतात, तो हिशोब आधी कर.

ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी यंत्रं) खूप असतील तर हार्मॉनिक्सही बघावे लागतील. रिअ‍ॅक्टर नसलेल्या बँकेत सप्लायमध्ये पाचवा हार्मॉनिक फक्त ५ टक्के असला तरी कॅनमध्ये त्याचा करंट २५ टक्के होतो. वाकड्यातिकड्या लहरींचाही खरा करंट दाखवणाऱ्या ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज मोज, लेबलवरच्या करंटच्या १.३ पट ही वरची हद्द. आणि नव्या कॅनचा करंट पहिल्याच दिवशी दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेव, पुढे तो कमी कमी होत गेला की समजायचं आतली फिल्म संपत चाललीये.

टर्मिनलवर वायरचं इन्सुलेशन काळपट दिसलं तर लग (वायरच्या टोकाचं जोडणीचं टोपण) ढिला आहे. पण हात लावायच्या आधी सप्लाय बंद, आणि थांब. कॅनमध्ये उरलेला चार्ज काढणाऱ्या डिस्चार्ज रेझिस्टरने ३ मिनिटांत ७५ व्होल्टच्या खाली आणायला पाहिजे असा नियम आहे, पण रेझिस्टरच तुटलेला असू शकतो, तेव्हा मीटर लाव, मग शॉर्ट करून अर्थ कर, मगच हात. यात घाई केलीस तर मी खरंच रागावेन.

तोवर ती सगळ्यात गरम स्टेप (एकत्र चालू-बंद होणारा कॅनचा गट) कंट्रोलरवरून बंद ठेव. पॉवर फॅक्टर थोडा पडेल, बिलावर दिसेल, कुणी ओरडलं तर माझं नाव सांग. आणि साधा थर्मामीटर घेऊन मधल्या रांगेत, दोन कॅनच्या मध्ये, सप्लाय बंद असताना बांध. दुपारी तीन आणि पहाटे पाच, आठवडाभर दोन्ही वेळचे आकडे मला पाठव. पहाटेचा जास्त महत्त्वाचा आहे, तो चुकवू नकोस.