ऑटोमॉडचा नियम पुसण्याआधी

डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर ऑटोमॉड, म्हणजे ठरवलेल्या नियमांनुसार मेसेज आपोआप अडवणारं साधन, २०२२ मध्ये आलं. नियम लावताना कुणी कुणाला विचारत नाही, काढताना मात्र गोंधळ उडतो आणि मग पत्रं येतात. सारखे सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र घेतो.

नियम काढला की त्यामुळे टाइमआउटमध्ये (ठरावीक वेळ बोलायला मनाई) गेलेले सदस्य आपोआप सुटतात का?

नाही. टाइमआउट त्या त्या सदस्यावर लागलेला असतो. एकेकाचा हाताने काढा किंवा मुदत संपू द्या.

अडवलेले मेसेज परत दिसतील का?

नाही, ते चॅनेलवर आलेच नव्हते.

मी सर्व्हरचा (डिस्कॉर्डवरच्या गटाचा) मालक आहे. बंदी घातलेला शब्द स्वतः टाकून पाहिला, तो बिनदिक्कत गेला. नियम निकामी झालाय, पुसून टाकू ना?

थांबा! हे पत्र मला इतक्यांदा आलंय की उत्तर पाठ झालंय. मालक, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि मॅनेज सर्व्हरची परवानगी असलेले सदस्य यांना ऑटोमॉड अडवतच नाही. तुमच्या खात्यावरून केलेल्या चाचणीला काडीचाही अर्थ नाही. कुठलीही खास भूमिका (रोल) नसलेल्या साध्या सदस्याला तपासायला सांगा. नियमातून वगळलेल्या भूमिका आणि चॅनेलही पाहा; चाचणी नेमकी वगळलेल्या चॅनेलवर झाली असेल तर तीही फुकट.

आता पुसण्याबद्दल. नियम बंद करणं आणि पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद केलेला नियम शब्दांच्या यादीसकट जागेवर राहतो आणि हवा तेव्हा चालू होतो. पुसलेला परत आणायची सोय नाही. एका नियमात १००० शब्द मावतात. वर्षानुवर्षं भर घालून केलेली यादी अशी घालवायची आणि मग इतर मॉडरेटरांना (सर्व्हर सांभाळणाऱ्यांना) 'कुणाकडे कॉपी आहे का' विचारत फिरायचं, हा काय प्रकार? आधी शब्द, रेजेक्स (शब्द ओळखायचे नमुने), सूट दिलेले शब्द, वगळलेल्या भूमिका आणि चॅनेल, कारवाई काय होती हे सगळं वेगळ्या फाइलमध्ये उतरवा. मग एका वेळी एकच नियम बंद करा. तीन नियम एकदम बंद केले आणि घाण सुरू झाली, तर कुठल्यामुळे ते कळणार कसं? निदान आठवडाभर थांबा, त्यात शनिवार-रविवारची रात्र येऊ द्या. दुपारची शांतता पाहून निर्णय घेऊ नका. सामूहिक उल्लेखांना (एका मेसेजमध्ये अनेकांना @ लावून हाक मारण्याला) लगाम घालणारा नियम सगळ्यांत शेवटी. रेड पडते, म्हणजे टोळकं एकदम सर्व्हरवर घुसून धुडगूस घालतं, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत तोच कामाला येतो. आणि नियम ज्याने लावला त्याला कारण विचारल्याशिवाय पुसू नका. तो सोडून गेला असेल तर जुन्या मॉडरेटरांना विचारा. सर्व्हरवर शाळकरी मुलं असतील तर एकट्याने ठरवूच नका.

आमच्या सर्व्हरवर 'मराठी' हा शब्दच अडतो! म्हणून सगळी गाळणी काढायची आहे.

कुणीतरी 'मर*' लिहून ठेवलं असणार. शेवटी तारा दिला की त्या अक्षरांनी सुरू होणारा प्रत्येक शब्द सापडतो, मग 'मराठी', 'मरीन ड्राइव्ह', 'मरगळ' सगळेच गेले. तारा काढा आणि हवी ती रूपं वेगळी लिहा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात म्हणून तारा द्यायचा मोह होतो, पण तिथेच घात होतो. गाळणी काढायची काहीच गरज नाही.

ऑटोमॉडचे सगळे नियम काढले, तरी मेसेज गायब होतात. डिस्कॉर्ड गुपचूप पाळत ठेवतं असं ऐकलं.

ऐकीव गोष्टी बाजूला ठेवा. मेसेज क्षणभर दिसून मग नाहीसा होतो का, ते पाहा. ऑटोमॉड आधीच अडवतं. दिसून मग जात असेल तर बहुधा एखाद्या बॉटचं, म्हणजे सर्व्हरवर आणलेल्या बाहेरच्या स्वयंचलित प्रोग्रॅमचं, काम आहे. मी६ (MEE6), डायनो, कार्ल-बॉट अशा बॉटांचे नियम त्यांच्या स्वतःच्या डॅशबोर्डवर (वेबसाइटवरच्या सेटिंग्जच्या पानावर) असतात, सर्व्हर सेटिंग्जमध्ये ते सापडणार नाहीत. तो बॉट कुणी आणला त्याला विचारून मगच हात लावा.

'सर्व्हर क्लीनअप' करून देणारे पैसे आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर परवानगी मागतात. द्यावी का?

अजिबात नाही. बंद करायला एक बटण दाबावं लागतं, त्याचे पैसे कसले? अ‍ॅडमिनिस्ट्रेटर परवानगी म्हणजे सदस्यांना हाकलण्यापासून चॅनेल पुसण्यापर्यंत सगळं हाती देणं. टोकन (तुमच्या खात्याची गुप्त किल्ली) मागितलं किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितलं तर बोलणं तिथेच थांबवा. दिलं असेल तर आजच पासवर्ड बदला आणि डिस्कॉर्डच्या अधिकृत मदत केंद्राला कळवा.

दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी आमचा नियम पुसला. कुणी, ते कळेल का?

तेव्हाच विचारलं असतं तर कळलं असतं. ऑडिट लॉगमधली (सर्व्हरवर कुणी काय बदललं त्याच्या वहीतली) नोंद ४५ दिवस राहते. आता मॅनेज सर्व्हरची परवानगी कुणाकुणाला आहे त्याची यादी काढा, त्या सगळ्यांशी बोला, आणि ज्यांना गरज नाही त्यांची परवानगी काढून घ्या.